घाटात शाबूत, सपाटीवर जाम : एका जुन्या बुलेटचं प्रकरण

गाडी १९९१ ची बुलेट स्टँडर्ड ३५०. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, पॉइंटचं इग्निशन (ठिणगी पाडायला उघडझाप करणारे धातूचे संपर्क). वडिलांनी घेतलेली, आता मुलगा चालवतो. घर धाराशिवला, नोकरी छत्रपती संभाजीनगरला, त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून नियमित ये-जा. गाडी शोभेला ठेवलेली नाही, ती रोज कामाला आहे, आणि मालकाला ती पळवायला आवडते.

मे महिन्यातल्या एका दुपारी बीड मागे टाकून गढी आणि गेवराईच्या मधल्या सरळ पट्ट्यात ही गाडी ९५ च्या वेगात जाम झाली. मागे एक माणूस, दोन बॅगा, हवेत चाळिशीच्या वर तापमान आणि समोरून पश्चिमेचा वारा. आधी आवाज जड झाला, मग थ्रॉटल तसाच असताना वेग ९५ वरून ८८ वर आला. मालकाने थ्रॉटल आणखी पिळला. पुढच्या काही सेकंदांत मागचं चाक चिरकलं, त्याने क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने किक फिरली, इंजिन सुरूही झालं. पन्नासच्या आत ठेवून तो कसाबसा संभाजीनगरला पोचला.

गॅरेजमध्ये त्याचा पहिला प्रश्न होता, "उस्ताद, परतताना दर वेळी मांजरसुंब्याचा घाट डबलसीट चढते, कधी कुरकुरली नाही. मग सपाट रस्त्यावर कशी काय बसली?"

हा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. जुन्या बुलेटला बहुतेक लोक नको तिथे जपतात आणि जिथे जपायला हवं तिथे पिळतात.

घाटातलं ओझं आणि सपाटीवरचा वेग

बुलेटच्या ३५० चं इंजिन ३४६ सीसीचं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलीमीटर, स्ट्रोक ९० मिलीमीटर. म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब, क्रँकला जड फ्लायव्हील आणि ताकद खालच्या फेऱ्यांत. कंपनीचा आकडा १८ हॉर्सपॉवरचा, तोही साडेपाच हजारांच्या वर फेऱ्या गेल्यावर. या इंजिनाचा मूळ आराखडा इंग्लंडचा, १९४९ च्या सुमाराचा, आणि १९५५ पासून ते मद्रासला बनत आलं. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, थंड करायला फक्त समोरून येणारी हवा. लोखंडातून उष्णता हळू बाहेर जाते. आतला ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र पटकन तापतो आणि लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आता ढोबळ हिशेब. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३२० किलो धरू. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ४५ च्या वेगाने ही गाडी चढवायला मागच्या चाकाला चार-पाच हॉर्सपॉवर लागतात. फेऱ्या अडीच हजारांच्या आसपास. आवाज भरदार असतो, स्वाराला वाटतं इंजिन जीव तोडून ओढतंय. प्रत्यक्षात ते आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावरही नसतं, आणि आठ-दहा मिनिटांत घाट संपतो.

तीच गाडी सपाटीवर ताशी १५ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात ७५ ने न्यायला आठेक हॉर्सपॉवर लागतात. ९५ ने न्यायची तर चौदा. वेग वीसने वाढला आणि मागणी पाऊणपटीहून जास्त वाढली, कारण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. चेन, गिअरबॉक्स आणि प्रायमरीत (इंजिन ते क्लच जोडणाऱ्या चेनमध्ये) काही ताकद वाटेतच मुरते, शिवाय इंजिन तीस वर्षांहून जुनं. म्हणजे ९५ ला हे इंजिन आपलं सगळं होतं नव्हतं ते देत असतं, सलग, वीस-वीस मिनिटं. टॉप गिअरमध्ये ९५ ला फेऱ्या चार हजारांजवळ जातात, पिस्टन सेकंदाला सरासरी १२ मीटर धावतो आणि त्याला उसंत मिळत नाही.

जुन्या रस्त्यावर ही उसंत रस्ताच द्यायचा. हाच मार्ग २११ नंबरचा आणि एकेरी होता तेव्हा दर दोन किलोमीटरला ट्रक, खड्डा, नाहीतर गावातला गतिरोधक यायचा, थ्रॉटल बंद व्हायचा, पिस्टन निवायचा. येडशीपासून संभाजीनगरपर्यंत चौपदरी झाल्यावर ही सक्तीची विश्रांती गेली. मांजरसुंब्याचा उतार उतरून बीड ओलांडलं की गोदावरीच्या सखल पट्ट्यात रस्ता सरळ आणि सपाट होतो. शहागडच्या पुलापर्यंत थ्रॉटल बंद करायचं कारणच उरत नाही. जुनी कास्ट आयर्न बुलेट बसते ती बहुधा अशाच रस्त्यावर.

उघडण्याआधी काय पाहिलं

जाम झालेली गाडी आली की थेट हेड खोलायची घाई होते. तसं केलं तर पुरावा जातो. या गाडीत आधी बाहेरूनच पाहणी झाली.

ऑइल पातळीला होतं. या इंजिनात साधारण सव्वादोन लिटर २० डब्ल्यू ५० बसतं. रंग काळा, पण बोटांत चोळल्यावर चमकणारी भुकटी जाणवली. ती पिस्टनची. हेडमधल्या रॉकरला (व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्याला) जाणाऱ्या ऑइलच्या पाइपचा बँजो बोल्ट ढिला करून इंजिन चालू केलं तेव्हा ऑइल झिरपत बाहेर आलं, म्हणजे परतीचा पंप काम करत होता. बुलेटमध्ये रॉकरला ऑइल परतीच्या पंपाकडून जातं आणि क्रँकला दुसऱ्या पंपाकडून, टायमिंग कव्हरमधल्या फिल्टरमार्गे. त्यामुळे रॉकरला ऑइल आलं म्हणून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) पोचतंच असं धरू नये. फिल्टरचं झाकण काढून तिकडचा पुरवठा वेगळा तपासला. तोही ठीक होता.

प्लग काढला. चिनी मातीचा भाग खडूसारखा पांढरा, त्यावर भिंगातून दिसतील असे करडे चमकदार ठिपके. पांढरा रंग उष्णतेचा, ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. प्लगवर ठिपके असतील तर हेड उतरवल्याशिवाय गाडी पुन्हा रस्त्यावर काढू नये.

एक्झॉस्टचा बेंड पाइप हेडपासून वीतभर निळा-जांभळा पडला होता. जळण सिलिंडरमध्ये पुरं न होता बाहेर जातानाही चालू राहिलं की पाइप असा पोळतो. मिश्रण पातळ असलं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा ठिणगी उशिरा पडत असली तर हे होतं. इथे दोन्ही होतं.

पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजला तर ०.२५ मिलीमीटर. हवा ०.३५ ते ०.४०. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे सरकते. हे इतकं हळू घडतं की स्वाराला कळत नाही. किक सोपी लागते, आयडलिंग छान गोड होतं, उलट किकचा मार बसत नाही, म्हणून मालक खूशच असतो. ठिणगी पुढे सरकली असती तर खडखड कानावर आली असती. उशिरा सरकलेल्या टायमिंगचं दुखणं मुकं असतं, ते सगळं उष्णतेत जातं.

सायलेन्सर बदललेला होता. मूळचा काढून शॉर्ट बॉटल लावला होता, आणि एअर फिल्टरच्या डब्याला मागून भोकं पाडली होती. कार्ब्युरेटर मिककार्ब व्हीएम २४, त्यातला मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं भोक) मात्र मूळचाच, ९० नंबरचा. हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायची वाट मोकळी केली, पण पेट्रोल वाढवलं नाही. मालकाचं म्हणणं, "सायलेन्सर लावल्यापासून शंभर मारते. आधी नव्वदच्या वर जात नव्हती." त्याचं खोटं नव्हतं. पातळ मिश्रणावर गाडी काही काळ चपळ वाटते. शिवाय मूळच्या बंद रचनेत जो वेग गाठताच येत नव्हता तो गाठता येऊ लागला, आणि त्या वेगाची उष्णता झेलायला मात्र सिलिंडर तोच राहिला. (आवाज वाढवणारे सायलेन्सर कायद्यात बसत नाहीत. पोलीस ते काढून रोलरखाली घालतात ते दृश्य आता आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं आहे.)

पेट्रोलचा भाग

जुन्या गाडीवाल्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण हिशेब सरळ आहे. साधं पेट्रोल पुरं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटला डोळे नाहीत. तो १९९१ सालच्या पेट्रोलसाठी आखलेल्या भोकातून आजचं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीही हे इथेनॉल पुरवतात, त्याने उसाला भाव मिळाला तर चांगलंच आहे. तक्रार इंधनाबद्दल नाही, जेट न बदलण्याबद्दल आहे.

या गाडीत इथेनॉलची दुसरीही खूण सापडली. टाकीपासून कार्ब्युरेटरला येणारी जुनी रबरी नळी आतून फुगून मऊ पडली होती आणि कॉकच्या जाळीत तिचे कण अडकले होते. सलग फुल थ्रॉटलला फ्लोटचा कप भरायचा वेग त्यामुळे कमी पडत असणार. म्हणजे जेटमधून आधीच कमी, आणि कपातही कमी.

हेड उतरवल्यावर

टाकी काढली की बुलेटचं हेड आणि सिलिंडर इंजिन फ्रेममध्ये असतानाच उतरतात. सिलिंडर वर घेताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं घालावं, नाहीतर तुटलेल्या रिंगचा तुकडा किंवा सर्क्लिप आत पडते आणि मग खालचं इंजिनही फोडावं लागतं.

पिस्टन हातात घेतला तेव्हा खरडल्याच्या खुणा चार ठिकाणी होत्या, पिस्टन पिनच्या दोन्ही अंगांना, पुढे दोन आणि मागे दोन. ॲल्युमिनियम ओघळून वरच्या दोन रिंगांवर सारवलं गेलं होतं, एक रिंग खाचेत घट्ट बसली होती. खुणा कुठे आहेत त्यावरून कारण वाचता येतं. एकाच बाजूला असत्या तर वाकलेला कनेक्टिंग रॉड नाहीतर ऑइलचा तुटवडा शोधावा लागला असता. चारही कोपऱ्यांत असल्या म्हणजे पिस्टन सगळीकडून बोअरपेक्षा मोठा झाला. पिनजवळ धातू जाड असतो, उष्णता तिथे साठते, म्हणून तो भाग आधी फुगतो आणि आधी घासतो.

मग माप. खरडलेल्या जागेवर माप घेऊन उपयोग नसतो. बोअर गेज सिलिंडरच्या तळाकडच्या न घासलेल्या भागात लावला, मायक्रोमीटर पिस्टनच्या स्कर्टच्या (खालच्या घेराच्या) तळाशी, पिनला काटकोनात. फरक निघाला ०.०४ मिलीमीटर. दुकानाच्या भाषेत दीड थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हे इंजिन काही महिन्यांपूर्वीच बोअर झालं होतं आणि बोअर करणाऱ्याने ते नव्या, पाण्याने थंड होणाऱ्या गाडीसारखं घट्ट बसवलं होतं. हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी सिलिंडरला, ७० मिलीमीटरच्या बोअरमध्ये, कास्ट पिस्टनसाठी साधारण ०.०८ मिलीमीटर, म्हणजे तीन थाऊच्या वर, मोकळीक लागते. मोकळीक जास्त असली तर थंड इंजिनात पिस्टन किंचित टकटकतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. घट्ट बसवलेलं इंजिन गॅरेजच्या दारात शांत वाजतं. म्हणून घट्ट बसवायचा मोह होतो, आणि त्याची किंमत गेवराईच्या उन्हात चुकवावी लागते.

एकेकटं कारण पाहिलं तर यातल्या कशानेही गाडी बसली नसती. दीड थाऊवर ती ७० ने वर्षभर चालली असती. उशिराच्या टायमिंगवर थोडी तापली असती, इतकंच. पातळ मिश्रणही थंडीच्या दिवसांत खपून गेलं असतं. पण घट्ट पिस्टन, उशिराची ठिणगी, मूळचा जेट, आजचं पेट्रोल, मेमधली दुपार, समोरचा वारा आणि ९५ चा वेग हे सगळं एका सरळ रस्त्यावर एकत्र आलं. तरी त्या क्षणी यातलं वेग सोडून दुसरं काहीही स्वाराच्या मुठीत नव्हतं, म्हणून आमच्या मते वेगाला पहिला मान द्यावा लागतो.

काम कसं केलं

सिलिंडर आधीच २० थाऊला, म्हणजे अर्धा मिलीमीटर मोठा झालेला. या खुणा होनिंगने (दगडाने आतून घासून) निघण्यासारख्या नव्हत्या, म्हणून ४० थाऊचा पिस्टन घेतला. हलक्या खुणा असत्या तर लोखंडावर चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने उतरवता येतं. सोडा ॲल्युमिनियम खातो, लोखंडाला हात लावत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते करावं, आणि ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागावर थेंब पडू देऊ नये.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या बोअरिंगवाल्याकडे सिलिंडरसोबत पिस्टनही दिला. डब्यावर छापलेल्या मापावर बोअर करू नये. बाजारात मिळणाऱ्या पिस्टनांत एकाच मापाच्या दोन डब्यांत फरक निघतो. आधी तो पिस्टन मोजायचा, मग त्यात ०.०८ मिळवून बोअरचं माप चिठ्ठीवर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेली मापं बदलतात. परत आल्यावर बोअर तीन उंचींवर, आडवा-उभा असा सहा ठिकाणी तपासला. होनिंगच्या तिरप्या रेघा एकमेकींना छेदताना दिसायला हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर चांगला दिसतो, पण त्यावर ऑइल टिकत नाही.

मग धुणं. पेट्रोलने धुतलेला सिलिंडर स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाची कडक भुकटी रेघांत तशीच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच ऑइलचा हात, नाहीतर दहा मिनिटांत गंज धरतो.

रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाचा गॅप मोजला, ०.३० मिलीमीटर ठेवला. कमी असेल तर घासून वाढवावा. तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडली तर नव्या बोअरचीही तीच गत होते. पिनसाठी पिस्टन गरम पाण्यात टाकला की पिन अंगठ्याने सरकते, हातोडी लागत नाही. सर्क्लिप नव्याच. बिग एंडसाठी रॉड वर-खाली ओढून पाहिला. वर-खाली जरासाही खेळ जाणवला तर क्रँक बाहेर काढावा लागतो, आडवा थोडा खेळ असतोच. इथे तो शाबूत होता, हे मालकाचं नशीब. कारण जाम झाल्यावर तो ऑइल न बदलता जवळजवळ नव्वद किलोमीटर आला होता आणि ती सगळी भुकटी ऑइलमधून फिरली होती. क्रँककेस धुऊन काढली, फिल्टर नवा घातला, आणि फिल्टरच्या खोबणीत आधी ऑइल ओतूनच झाकण लावलं. ती जागा कोरडी ठेवली तर पहिल्या किकनंतर ती भरेपर्यंत बिग एंड तहानलेला राहतो. क्रँकला ऑइल नेणाऱ्या क्विल बोल्टचं कॉर्क वॉशरही बदललं. ते चेपलेलं असलं की क्रँककडे जाणारा दाब तिथेच गळतो. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरचं डकबिल रबर कडक झालं होतं, ते नवं लावलं, मग जोडांमधून ऑइलचं पाझरणंही थांबलं.

हेड उतरवलेलं असतानाच टायमिंग लावून घेतलं. पिस्टनच्या डोक्यावर डायल गेज ठेवायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. ऑटो ॲडव्हान्सची (फेऱ्या वाढल्या की ठिणगी पुढे आणणाऱ्या यंत्रणेची) वजनं पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलीमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, तो सुटला तो क्षण खरा. गॅप मात्र टायमिंगच्या आधी लावायचा. नंतर गॅपला हात लावला की टायमिंग हललंच. ॲडव्हान्सची वजनं वाळलेल्या ग्रीसने चिकटली होती, ती धुऊन थेंबभर पातळ ऑइल दिलं. ती अडकली तर खाली टायमिंग बरोबर दिसतं आणि वरच्या फेऱ्यांत ठिणगी मागेच राहते.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्वच्या मोकळिकीला, फीलर गेज नाही. थंड इंजिनात, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड उंचीने वाढतात आणि मोकळीक आपोआप तयार होते. गरम इंजिनात शून्य करून ठेवलेले टॅपेट थंड झाल्यावर व्हॉल्व उघडा धरतात, मग किकला कॉम्प्रेशनच लागत नाही.

सायलेन्सर मूळच्या धर्तीचा परत लावला, डब्याची भोकं बुजवली. मेन जेट ९५ चा. पण मेन जेटचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या पुढे. ७० ने चालताना पेट्रोल सुईवरून येतं, म्हणून सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, त्याने सुई वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला मिश्रण दाट होतं. नुसता जेट बदलणाऱ्यांची इथेच गफलत होते. इथेनॉलने मिश्रण सगळीकडेच पातळ केलेलं असतं, एकट्या फुल थ्रॉटलला नाही. पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घेतली.

रन-इन

पहिले पाचशे किलोमीटर ५५ च्या आत, हजारापर्यंत ६५. चौपदरी रस्त्यावर एकाच वेगाने नेण्यापेक्षा दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळकडचे चढउतार रन-इनला फार बरे. थ्रॉटल उघडला की रिंगा बोअरला दाबल्या जातात, बंद केला की ऑइल वर ओढलं जातं आणि पिस्टन निवतो. टॉप गिअरमध्ये तीस-पस्तीसने कुथवणं मात्र वाईट, त्यात पिस्टनला झटके बसतात. पहिल्या तापल्या-निवल्यानंतर हेडचे नट पुन्हा आवळले आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावले, कारण गॅस्केट बसलं की तेही हलतात. पहिलं ऑइल दोनशे किलोमीटरला बदललं.

हजाराच्या पुढे प्लगची परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला किलोमीटरभर, मग एकदम क्लच आणि इंजिन बंद. रस्त्याच्या कडेला प्लग काढून पाहायचा. जुन्या पेट्रोलवर बिस्किटी रंग आदर्श मानत. इथेनॉलचं पेट्रोल प्लग जास्त स्वच्छ ठेवतं, त्यामुळे फिकट बिस्किटी दिसला तरी घाबरायचं कारण नाही. खडूचा पांढरा मात्र नको. या गाडीचा प्लग फिकट तपकिरी आला.

आता ती कशी पळते

मालकाची धास्ती होती की उस्ताद म्हणणार, गाडी साठने चालव. तसं कोणी म्हणालं नाही. बुलेट हळू चालवायची असती तर ती ठेवायचीच कशाला? फक्त जोर कुठे लावायचा ते बदललं.

घाटात ती मनसोक्त पिळावी. मांजरसुंब्याच्या चढाला तिसरा, ४५ चा वेग, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की जड फ्लायव्हील इंजिनाला घसरू देत नाही. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, गिअर न बदलता गाडी चढाला छाती लावून वर येते. दीडशे सीसीची नवी गाडी तिथे दोन गिअर उतरवून सात-आठ हजारांवर किंचाळते. हा आनंद जुन्या बुलेटशिवाय मिळत नाही, आणि त्याने पिस्टनचं काही बिघडत नाही. वळणाआधी डावीकडचा ब्रेक आणि उजवीकडचा गिअर यांची सांगड जमली, गिअर उतरवताना थ्रॉटलचा हलका झटका जमला, की चाळीसच्या वेगातही जे समाधान मिळतं ते स्पीडोमीटर दाखवू शकत नाही.

सपाटीवर ७० ते ७५. ओव्हरटेकला ९० हवे तर घ्यावेत, मिनिटभर, मग परत ६५ वर यावं. मेच्या दुपारी, मागे माणूस आणि समोर वारा असेल तर ७०. दर वीस-पंचवीस किलोमीटरला काही सेकंद थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी घरंगळू द्यावी, म्हणजे बोअरच्या भिंतींना ऑइल मिळतं. शक्य असेल तर पहाटे निघावं. धाराशिवहून पाचला निघालेला माणूस ऊन चढेपर्यंत पाचोडच्या पुढे असतो.

आवाज जड झाला, वेग स्वतःहून पडला, तर थ्रॉटल वाढवू नये. आधी क्लच, मग थ्रॉटल बंद, मग कडेला. क्लचवर दोन बोटं ठेवायची सवय लावावी. चाक जाम झालं तर पडायला एक सेकंद पुरतो. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जातो.

वेगाची दुसरी किंमत ब्रेक घेतात. ड्रम ब्रेक ७० वरून गाडी सांभाळतात. ९५ वरून, डबलसीट, दुसऱ्यांदा दाबले की विरघळल्यासारखे लागतात. उसाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली या रस्त्यावर कुठेही उभी असते, आणि या गाडीचा हेडलाइट फार दूरचं दाखवत नाही. रात्री ६० च्या वर आम्ही कुणालाच सांगणार नाही.

८५ च्या वर सलग चालवलेल्या गाडीचे नट सुटतात, हेड फ्रेमशी धरणाऱ्या हेड स्टेडीचे आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पचे आधी. लांब फेरीनंतर पाना फिरवायचाच. पॉइंटचा गॅप आणि टॅपेट दर हजार-दीड हजार किलोमीटरला. ऑइल दोन हजारांना. चेन स्नेलच्या (मागच्या ॲक्सलवरच्या चकतीच्या) खाचा दोन्ही बाजूंना सारख्या मोजून ताणायची. हे सगळं महिन्यातून एका रविवारच्या सकाळी होतं, ज्याला ते जड वाटतं त्याने जुनी गाडी जोरात चालवू नये.

मायलेज लिटरमागे दोन-अडीच किलोमीटरने उतरलं. जेट मोठा केल्याचा आणि इथेनॉलचा तो हिस्सा आहे, तो परत मिळवायला जेट लहान करू नये. आवाजही मवाळ झाला, मालकाला तो अजून थोडा सलतो. टॉप स्पीड ९० च्या आसपास थांबला.

४० थाऊच्या पुढे या सिलिंडरला बोअर नाही. पुढच्या खेपेला नवा बॅरल (सिलिंडर) शोधायचा किंवा स्लीव्ह बसवायची. कास्ट आयर्न इंजिन कंपनीने २०१० च्या सुमाराला बंद केलं, बॅरल मिळतात पण सगळ्यांची ओतीव सारखी नसते. चांगला दिसला तर आत्ताच घेऊन, ऑइल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा, असं मालकाला सांगून गाडी दिली.